कपाळावरचं शिसं

माझ्या कुंदाआत्याच्या कपाळावर, दोन भुवयांच्या जरा वर, रुपयाएवढा एक डाग होता. तिथली कातडी चकचकीत आणि ताणलेली दिसायची. भोरातल्या बायका तिच्याशी बोलताना आधी त्या डागाकडे बघत आणि मग नजर चुकवून तिच्या पायांकडे. आत्याला त्याचा फार संताप यायचा. "डोळ्यांकडे बघून बोला," असं ती तोंडावर म्हणायची. मग समोर मानाची बाई का असेना.

ती तापट आहे, असं घरात सगळेच म्हणत. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हसून म्हणत, "आमच्या ताईचं डोकं कायम शेगडीवर." मला ते कधीच हसण्यासारखं वाटलं नाही. तिच्यावर जे गुदरलं ते ऐकल्यावर मला उलट प्रश्न पडतो, की घरातले बाकीचे एवढे थंड कसे राहिले?

माझे आजोबा, रघुवीर मास्तर, भोरच्या इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवत. संस्थानाचा काळ. गावात त्यांना फार मान होता. त्यांचा एक प्रयोग पिढ्यान् पिढ्या मुलांच्या लक्षात राहिला. ते लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड कागदावर एकत्र करत आणि वरून लोहचुंबक फिरवत. कीस टपाटप चिकटायचा, पिवळी पूड कागदावर राहायची. "हे मिश्रण. एकत्र आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव शाबूत आहे. म्हणून वेगळे करता आले," ते सांगत. मग तेच दोन्ही पदार्थ नळीत घालून तापवत. काळा खडा तयार होई. त्यावर लोहचुंबक कितीही घासा, काही चिकटत नसे. "आता हे लोखंडही नाही आणि गंधकही नाही. हे संयुग. नवा पदार्थ."

हे सगळं कुंदाआत्याला शाळेत न जाता पाठ होतं, कारण आजोबा नवा प्रयोग आधी घरी माजघरात करून बघत. मुलींच्या शाळेत तेव्हा मराठी सहावीपर्यंतच वर्ग होते, तेवढं ती शिकली. पुढे शिकायचं तर मुलांबरोबर बसावं लागलं असतं आणि ते आजोबांना चालणार नव्हतं. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासर गावातच, नीरा नदीकडच्या आळीत. नवरा नारायण संस्थानच्या कचेरीत कारकून होता. सासरे नव्हते. सासूबाई, नारायणराव आणि मालिनी नावाची एक नणंद, जी जवळच दिलेली असल्यानं निम्मा वेळ माहेरीच असायची.

त्याच सुमारास पेठेतल्या कोंडिबाशेठच्या दुकानात मुंबईहून कुंकवाचे नवे डबे आले होते. पत्र्याचा गोल डबा, झाकणावर कमळात बसलेली देवी, आत लालभडक कुंकू. हातानं केलेलं कुंकू विटकरी असतं, जरा मळकट दिसतं. त्याच्यापुढे हे कुंकू म्हणजे पेटलेलं फूल. कोंडिबाशेठचा आणि सासरच्यांचा घरोबा होता, म्हणून त्यानं लग्नाच्या आहेरात मोठा डबा दिला. "नव्या सूनबाईंना नवं कुंकू," असं चारचौघांत म्हणाला.

महिना भरायच्या आत तिच्या कपाळाला खाज सुटली. मग लाली आली, मग पाण्याचे बारीक फोड आले आणि ते फुटून कपाळ चिघळलं. सासूबाईंनी काय करावं? त्या म्हणाल्या, सवाष्णीचं कपाळ मोकळं ठेवायचं नाही, वरून आणखी लाव. आणि ओल्या जखमेवर रोज सकाळी तेच कुंकू, जास्तच दाबून लावलं जाई. आत्या सांगायची, "मी कळ आली की दात आवळायचे. तर सासूबाई म्हणायच्या, तोंड वाकडं करू नकोस, अपशकुन होतो."

त्यातच नारायणराव तापानं पडले. ताप साधाच होता, उतरलाही. पण सासूबाईंच्या मनात दोन गोष्टींची गाठ पक्की बसली. जोशीबुवा आले, त्यांनी पत्रिका उलटसुलट पाहिली आणि निकाल दिला, की मुलीला कुंकू सोसत नाही. ती घरात राहिली तर मुलाच्या जिवाला धोका आहे. दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही. बाजाराच्या दिवशी भर दुपारी तिला बैलगाडीत बसवून गावाच्या मधून माहेरी पाठवलं. चालत गेली असती तरी पोचली असती. पण सगळ्यांनी पाहावं अशीच ती पाठवणी होती.

आता माझ्या आजोबांविषयी लिहायचं. ते माझे लाडके आजोबा होते आणि तरीही लिहिते. मुलगी कपाळ चिघळवून दारात उतरली, तेव्हा शाळेत पदार्थांचे गुणधर्म शिकवणाऱ्या या माणसानं काय केलं? दुसऱ्या दिवशी भटजी बोलावून ग्रहांची शांत केली. आजीनं रडून डोळे सुजवले आणि तो डबा, जो सासरहून लेकीच्या सामानाबरोबर परत आला होता, त्यातलंच कुंकू ती रोज तिला लावत राहिली. नवरा जिवंत असताना कपाळ मोकळं कसं ठेवायचं?

या सगळ्यातून तिला सोडवलं ते आंबवड्याच्या बाळाबाईनं.

बाळाबाई शेतकरी घरातली. शेतीची कामं उरकली की घरी कुंकू करायची आणि बाजाराच्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन भोरात दारोदार विकायची. त्या दिवशी ती आमच्या परसदारी आली, तेव्हा आत्या न्हाऊन केस वाळवत बसली होती. कपाळ धुतलेलं, उघडं.

"अगं बया! कपाळाला काय झालं ह्ये?"

"मला कुंकू सोसत नाही," आत्या म्हणाली. हे वाक्य आता तिला शिकवलेलं होतं.

बाळाबाईनं पाटी खाली ठेवली. "कोण म्हन्तं?"

"सासूबाई म्हणतात. जोशीबुवा म्हणतात. इथेही सगळे म्हणतात."

"आनि लावतीस कुनाचं कुकू? आन बगू."

आत्यानं डबा आणला. बाळाबाईनं चिमूटभर तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं. "ह्याला हळदीचा वासच न्हाई. लिंबू हाय का घरात?"

धुण्याच्या दगडावर तिनं दोन चिमटी शेजारी शेजारी ठेवल्या, एक आपल्या पाटीतली आणि एक डब्यातली. दोन्हींवर लिंबू पिळलं. पाटीतलं कुंकू बघता बघता पिवळं पडलं, चक्क हळदीसारखं. डब्यातल्या कुंकवातून गुलाबी पाणी ओघळलं आणि लाल भुकटी होती तशी लाल राहिली.

"माजं कुकू हळदीचं हाय. चुन्याच्या निवळीत भिजवलं की लाल हुतंय आन् आंबट लागलं की माघारी पिवळं. माज्या सासूनं मला असंच दावलं हुतं. ह्ये मेलं कशाचं हाय देव जाणं." तिनं आत्याच्या हनुवटीला हात लावला. "तुला कुकू सोसत न्हाई म्हन्त्यात? बाय, तुला अजून कुणी कुकू लावलंच न्हाई!"

मग जे तिनं सांगितलं, त्यानं आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंबवड्यात दोघीतिघींची कपाळं अशीच झाली होती. भोरातही होत्या. कोणी बट कपाळावर सोडत होती, कोणी कुंकू आणखी मोठं रेखत होती. "लपिवत्यात सगळ्या. सांगितलं तर तुज्यावानी म्हायेरी बसावं लागंल. मंग कोन सांगंल?"

एवढ्या बायका आपल्या घरात, आपल्या आरशापुढे, स्वतःलाच पापी समजत बसल्या होत्या. आणि पेठेत डबे खपत होते.

आजोबा शाळेतून आले, तेव्हा आत्या दारातच उभी होती. तिनं त्यांना पाय धुवू दिले नाहीत. लिंबू पिळून दाखवलं. आजोबांनी डबा उचलून हातावर तोलला. आकाराच्या मानानं तो फारच जड होता. त्यांनी तो परत खाली ठेवला. मग म्हणाले, "दार लावून घे."

दार लावल्यावर मात्र त्यांचे हात भराभर चालले. वाटीत पाणी घेऊन त्यांनी कुंकू ढवळलं, वाटी कलती करून गढूळ पाणी ओतून टाकलं, पुन्हा पाणी घातलं. नदीतली वाळू धुतात तसं. गुलाबी रंग पाण्याबरोबर गेला. पांढुरकी खडूसारखी भुकटी गेली. वाटीच्या तळाशी जड, केशरी-लाल गाळ उरला.

"नुसत्या पाण्यानं तीन वाटे झाले. म्हणजे मिश्रण," ते म्हणाले. "आणि हा खालचा शेंदूर दिसतो."

त्यांनी लोणारी कोळशाचा एक मोठा तुकडा घेतला, त्यात खळगा कोरला, गाळ सुकवून कोळशाच्या पुडीबरोबर त्यात भरला आणि शेगडीच्या निखाऱ्यांत ठेवून फुंकणीनं फुंकायला लागले. आत्या वाकून बघत होती. लाल भुकटी आधी काळवंडली, पिवळट झाली आणि मग खळग्यात एक चमकता थेंब थरथरताना दिसला. थंड झाल्यावर तो राखाडी पडला. आजोबांनी तो विळीवर दाबला तर लोण्यासारखा कापला गेला, कागदावर ओढला तर रेघ उमटली.

"शिसं. शेंदूर म्हणजे शिसं आणि प्राणवायू यांचं संयुग. ते पाण्यानं सुटत नाही, कितीही धू. निखाऱ्यावर कोळशानं त्यातला प्राणवायू ओढून घेतला आणि शिसं मोकळं झालं. आता याच्या पुढे काही करता येणार नाही. शिसं हे मूलद्रव्य आहे. जाळा, कुटा, ते शिसंच राहणार."

ते अगदी वर्गात बोलतात तसे बोलत होते आणि त्यांचा चेहरा खुलला होता. प्रयोग साधला होता ना! आत्या म्हणायची, "अप्पांनी मला घरात बसवून ठेवलं ते मी एक वेळ विसरेन. पण त्या क्षणी त्यांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही."

"माझे फोड या शिशानं आले?" तिनं विचारलं.

"ते नक्की सांगता यायचं नाही. फोड बहुधा त्या गुलाबी रंगानं आले असतील, कापड रंगवायचा विलायती रंग असावा. शिसं लगेच दिसत नाही. ते हळूहळू भिनतं. पोटात दुखतं, हातापायांतली शक्ती जाते. हात न धुता कुणी पोळी खाल्ली, लेकराला भरवलं, तर त्याच्याही पोटात जाणार."

"म्हणजे हे विष आहे."

"हो."

"मग तुम्ही शांत कशाची केलीत, अप्पा?"

आजोबा शेगडीतले निखारे विझवायला लागले.

"उद्या माझ्याबरोबर चला. सासरी चला आणि कोंडिबाशेठच्या दुकानात चला. त्यांना हे दाखवा."

"कुंदा, जरा बेतानं घ्यावं लागेल. कोंडिबाशेठ शाळेच्या कमिटीवर आहेत. विज्ञानाच्या खोलीतली कपाटं, नळ्या, चंचुपात्रं त्यांच्या देणगीतून आली आहेत."

"मग फळ्यावर लिहिता ते काय?"

"ते परीक्षेपुरतं असतं," माझे आजोबा म्हणाले.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खरं वाटेना. मी वडिलांना विचारलं. त्या प्रयोगाच्या दिवशी ते दाराआड उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि विषय बदलला.

आत्या एकटीच पेठेत गेली. कोंडिबाशेठ गादीवर बसला होता, समोर गिऱ्हाईक होतं. तिनं शिशाचा तो मणी त्याच्या समोर ठेवला आणि हे तुमच्या कुंकवातून निघालंय, असं सांगितलं. त्यानं तो बोटानं बाजूला सारला.

"पोरी, डबे बंद येतात, बंद जातात. मी काय उघडून चाखतो? आणि गाव नेतंय की कुंकू. तुझंच कपाळ नाजूक निघालं त्याला मी काय करू?" मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाला, "सासरनं टाकलं की पोरींच्या डोक्यावर परिणाम होतो."

गिऱ्हाईक हसलं. आत्यानं मणी उचलला आणि ती परत आली. ती मला म्हणाली होती, "मला वाटलं होतं, विष आहे म्हटल्यावर माणूस दचकेल. तो दचकलासुद्धा नाही. म्हणजे त्याला ठाऊक असणार. निदान संशय तरी असणार."

चैत्र लागला. सासूबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आळीतल्या, पेठेतल्या सगळ्या बायकांना बोलावणं होतं. त्या घरची सून तेवढी सोडून. आत्या गेली. हातात एक टोपली. ओसरीवरून आत शिरली तेव्हा आरास मांडलेली, कैरीची डाळ वाटलेली, पन्ह्याचे पेले फिरत होते. सगळा गलबला एकदम थांबला. सासूबाईंना तिला हाकलायचं होतं, पण गौरीपुढे, भरल्या घरात सवाष्णीला बाहेर कसं काढणार? त्या नुसत्या लाल होऊन उभ्या राहिल्या.

"मी ओटी भरून घ्यायला आले नाही," आत्या म्हणाली. "बसा सगळ्या. एक गोष्ट दाखवते आणि जाते."

तिनं ताटलीत दोन कुंकवं ठेवली, लिंबू पिळलं. बायका पुढे सरकल्या. एक पिवळं झालं, एक झालं नाही. एकीनं हात जोडले आणि विचारलं, "मंत्र कोणता?" आत्या भडकली. "मंत्र नाही हो! हळद आहे म्हणून पिवळं झालं. तुमच्या हातानं पिळा." त्या बाईनं पिळलं. तिच्याही हाताखाली तेच झालं. मग वाटीत धुणं झालं. तळाचा केशरी गाळ सगळ्यांनी बघितला. शेवटी ती तशीच स्वयंपाकघरात गेली, गाळ कोळशाच्या खळग्यात भरला आणि चुलीपुढे बसून फुंकायला लागली.

सासूबाई किंचाळल्या. "कुंकवाला आग लावली! माझ्या मुलाच्या आयुष्याला आग लावली हिनं!"

काही बायका उठून उभ्या राहिल्या. कुंकू जाळणारी सून कुणी पाहिली होती? एकीनं तिच्या खांद्याला धरून मागे ओढलं. आत्यानं फुंकणी सोडली नाही. मणी निघाला तसा तिनं तो चिमट्यानं उचलून पाण्यात टाकला, चर्र आवाज झाला, आणि ओल्या हातावर घेऊन ती पुन्हा गौरीपुढे येऊन उभी राहिली.

"हे शिसं. बंदुकीच्या गोळीत असतं ते. हे मी कपाळावर लावत होते. तुम्हीही लावता. माझं कपाळ फुटलं म्हणून मला गाडीत घालून गावभर मिरवलं. ज्यांची फुटली आहेत त्या लपून बसल्या आहेत. इथेही आहेत. मला माहीत आहे."

 आत्या सांगायची, की एवढं बोलून होईपर्यंत चुलीवरचं पन्ह्याचं पाणी उकळून उतू गेलं आणि कुणी ते काढलं नाही.

मग मालिनी, तिची नणंद, खांबाजवळून पुढे आली. मालिनीला नवा लाल रंग आवडायचा म्हणून ती वहिनीच्याच डब्यातलं चोरून लावत असे, आणि वहिनी गेल्यावर तिनं स्वतःसाठी डबा आणला होता. तिनं पदराचं टोक पन्ह्याच्या पेल्याशेजारच्या पाण्यात बुडवलं आणि सगळ्यांदेखत कपाळावरचं कुंकू पुसलं.

नवरा जिवंत असताना! गौरीपुढे! सासूबाईंनी "मालू, नको गं!" म्हणून हात पुढे केला, पण तोवर पुसून झालं होतं. खाली कातडी सोललेली, फोड आलेले. तिनं कपाळावरची बट मागे सारली, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल.

"मला आई काही म्हणाली नाही, कारण मी तिची मुलगी," मालिनी म्हणाली. "तिलाही दिसलं होतं. तिनंच बट सोडायला सांगितली."

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यानंतर आणखी एकीनं पुसलं. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं. सगळ्याच काही पुढे आल्या नाहीत. कित्येक जणी डाळही न खाता निघून गेल्या. पण त्या दिवसापासून भोरात त्या डब्याला गिऱ्हाईक मिळेना.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. कोंडिबाशेठला कुणी जाब विचारला नाही. कचेरीत कुणी तक्रार घेतली नाही. बायकांच्या कुंकवात सरकार काय लक्ष घालणार, असं उत्तर मिळालं. उलट शाळेच्या कमिटीनं आजोबांनाच बोलावलं. आजोबांनी तिथे जाऊन सांगितलं, "मुलगी माझ्या ऐकण्यात नाही." एवढंच. कुंकवात काय होतं, हे त्यांना तिथे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. त्यांची नोकरी टिकली. आत्या त्याच घरात राहिली, त्यांना जेवायला वाढत राहिली, म्हातारपणी त्यांची औषधं बघत राहिली. पण वाढताना ती कधी "अजून घ्या" म्हणाली नाही. हे माझ्या आईनं मला दाखवून दिलं. त्यानंतर मलाही ते दर वेळी दिसायचं.

काही दिवसांनी नारायणराव तिला न्यायला आले. ओसरीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"आई म्हणते, झालं गेलं विसरून जा. तुझ्यात दोष नव्हता हे आता कळलंय सगळ्यांना."

"आणि कळलं नसतं तर?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"डब्यात शिसं निघालं म्हणून मी चांगली. खरंच माझी कातडी नाजूक असती तर? मी सगळा जन्म इथेच बसले असते. तुम्ही तापातून उठलात, कचेरीत जायला लागलात. माझ्या घरावरून रोज जात होतात. एकदा तरी आत येऊन विचारलंत, कपाळ कसं आहे?"

नारायणराव वाईट नव्हते, असं आत्याच म्हणायची. त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील, कुंदा?"

"ते त्यांनी म्हणून झालंय," ती म्हणाली आणि आत गेली. ती पुन्हा त्या घरी नांदायला गेली नाही. नारायणरावांनी पुढे दुसरं लग्न केलं. तेव्हा तसं करता येत असे.

तिकडे कोंडिबाशेठनं उरलेले डबे फेकले असतील, असं वाटत असेल तर तसं नाही. घाटरस्त्यानं जिथे भोरची बातमी पोचायला वेळ लागे, तिकडे त्यानं ते धाडले. वेल्ह्याच्या बाजारात, जत्रांमध्ये, दुसरं झाकण लावून. बाळाबाईनं ही बातमी आणली, तशी आत्या तिच्याबरोबर निघाली. भोरची मास्तरांची मुलगी आणि आंबवड्याची कुंकूवाली, दोघी डोंगरवाटांनी गावोगाव हिंडल्या. गुंजवणे गावात एका ओट्यावर ताटली मांडली, तर गेनबा नावाचा एक म्हातारा काठी आपटत आला.

"कुकवावर लिंबू पिळतीया? करणी करती व्हय गं? ऊठ हितनं!"

बाळाबाई उसळली. "करणी कुनाची रं? तुज्या सुनंचं कपाळ बग आदी! काल बाजारात पदर वडून फिरत हुती. म्या बगितलंय."

म्हाताऱ्याची सून, फुलाबाई, दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली आणि काही न बोलता तिनं आपला डबा आणून ओट्यावर आदळला. गेनबानं डब्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "म्या म्हन्लं हुतं तिला द्येवीचा कोप झाला," तो पुटपुटला. तिच्यासाठी त्यानं देवीला कोंबडं कापलं होतं आणि डबा मात्र घरातच होता. आत्यानं त्यालाच लिंबू पिळायला लावलं.

सगळीकडे असं झालं नाही. वेल्ह्याच्या बाजारात तिची ताटली कुणीतरी लाथेनं उडवली. एका गावात तिला पाणीसुद्धा दिलं नाही, कारण तिचं कपाळ मोकळं होतं आणि नवरा जिवंत होता. ही कुठली बाई म्हणायची? त्यानंतर तिनं आयुष्यात कधी कुंकू लावलं नाही. बाळाबाईनं कितीदा तरी आग्रह केला, "माजं लाव की, हळदीचं हाय." आत्या म्हणायची, "तुमचं चांगलंच आहे. पण माझ्या कपाळावर आता कुणाचाच हक्क नाही."

पुढे ती मराठी सातवीची, म्हणजे फायनलची, परीक्षा बाहेरून पास झाली आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. मुलींना विज्ञान नव्हतं, गृहशास्त्र होतं. तिनं गृहशास्त्राच्या तासाला कळीचा चुना पाण्यात घालून तो उकळतो कसा ते दाखवलं, ताकात तांब्याचं भांडं हिरवं का पडतं ते सांगितलं, मीठ-वाळू वेगळी करायला लावली. मोठ्या बाईंनी विचारलं, की यात स्वयंपाक कुठे आहे? तर म्हणाली, "जे पोटात आणि अंगावर जाणार, ते काय आहे हे आधी कळू दे. पोळ्या त्यांना येतातच."

कोंडिबाशेठ वारला तो बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या कुठल्यातरी वर्षी. पेठ बंद राहिली. मोठी अंत्ययात्रा निघाली. शोकसभेत भाषणं झाली, दानशूर, शिक्षणप्रेमी वगैरे, आणि त्या सभेत माझे आजोबाही बोलले. शाळांना सुट्टी जाहीर झाली. सातवीच्या वर्गात तेव्हा आत्याचा तास चालू होता. आठवड्यापूर्वी मुलींनी खिळे ठेवले होते, एक कोरड्या वाटीत, एक ओल्या फडक्यात, एक तेलात बुडवून, आणि कोणता गंजला ते आज बघायचं होतं. त्या वर्गात माझी आईही होती.

शिपाई दारात आला. "बाई, शेठ गेले. मुली सोडायच्यात."

"कळलं," आत्या म्हणाली.

"मोठ्या बाई म्हणाल्या, दोन मिनिटं उभं राहायचं आणि घरी जायचं."

"ज्यांना उभं राहायचंय त्यांनी राहावं. मी शिकवते आहे."

शिपाई घुटमळला आणि गेला. थोड्या वेळानं मोठ्या बाई स्वतः आल्या. बाहेर रस्त्यावरून टाळ-मृदंग वाजत अंत्ययात्रा चालली होती. "कुंदाताई, अहो, मेलेल्या माणसाशी कसलं वैर?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"त्यानं गुंजवण्यापर्यंत डबे धाडले होते," आत्या म्हणाली, "सगळं कळल्यानंतर." तिचा आवाज कापत होता, पण रागानं, असं आई सांगते. मग तिनं मोठ्या बाईंकडे पाठ केली, फडक्यातला खिळा उलगडला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिला.

"बोटाला काय लागलं? बघ नीट. तांबडं आहे ना? हे खिळ्यावर बाहेरून येऊन बसलेलं नाही. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी यांनी मिळून हे केलंय. पुसून खिळा पहिल्यासारखा होईल का? सांग."

"न्हाई, बाई," ती मुलगी म्हणाली.

"का नाही, ते लिही," आत्या म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे गेली.